गादीवाल्या प्रोफेसरांचं शिक्षण

दुकान उघडलं की गादीवाला आधी दुरुस्तीला आलेल्या सोफ्यावर बसून बघायचा. स्प्रिंग कुठे टोचते ते कळावं म्हणून, असं तो सांगे. पण बसला की पायावर पाय टाके, चष्मा चढवी आणि मोठ्याने पेपर वाचू लागे. समोरचा इस्त्रीवाला आणि शेजारची अंडेवाली हातातलं काम न सोडता ऐकत. मग बातमीवर तो आपलं मत देई. ते बातमीपेक्षा लांब असे. गल्लीने त्याला प्रोफेसर करून टाकलं, आणि त्यानेही कधी नाही म्हटलं नाही.

त्या वर्षी त्याच्या मुलीने कॉलेजला अर्ज केला. ज्यांच्या घरातलं कुणी आजवर कॉलेजची पायरी चढलं नाही, अशांसाठी तिथे थोड्या जागा होत्या, बिनफीच्या. त्यातली एक मिळाली तरच तिचं शिक्षण पुढे सरकणार होतं. खात्री करायला कॉलेजचा माणूस घरी येणार होता. हे गल्लीत बोलायचं नाही, अशी गादीवाल्याने घरात ताकीद दिली होती. प्रोफेसरपद जाईल याची त्याला धास्ती होती.

माणूस आला आणि नेमका इस्त्रीवाल्यासमोर थांबला.

"गादीवाल्यांकडे शिक्षण वगैरे कसं आहे?"

इस्त्रीवाल्याने त्याचा चापून बसवलेला भांग पाहिला, काखेतली फाइल पाहिली आणि ओळखलं, मुलीला स्थळ आलंय. अशा वेळी शेजाऱ्याबद्दल कमी सांगणं त्याच्या रक्तात नव्हतं.

"डबल ग्रॅज्युएट आहेत."

"वकिलीही अर्धी झालीय," अंडेवालीने भर घातली.

"मग गाद्या?"

"हौस हो."

गादीवाला आत सुईत दोरा ओवत सगळं ऐकत होता. पहिल्या वाक्याला त्याला गोड वाटलं. खोटं कशाला, दुसऱ्यालाही वाटलं. मग त्या माणसाने पेन उघडलं आणि दारात उभ्या मुलीचा चेहरा पडला. गादीवाला उठून बाहेर आला.

"साहेब, सातवी. तीही नापास."

"बघा, गर्व म्हणून नाही," इस्त्रीवाला कौतुकाने म्हणाला.

"अरे, खरंच नापास."

"प्रोफेसर, माणसाने इतकंही साधं राहू नये."

पाहुणा पेन धरून एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिला. तेवढ्यात वरच्या खिडकीतून गादीवाल्याची थोरली बहीण वाकली.

"कोण डबल ग्रॅज्युएट? हा? गणिताच्या तासाला खिडकीतून उडी मारली याने, आणि चड्डी अडकली खिळ्याला. वर्गासमोर लोंबकळत होता. मी वर्ग सोडून सोडवायला धावले, तर गुरुजींनी शाळेतून माझंही नाव काढून टाकलं. याच्या पायी मीसुद्धा अडाणी राहिले."

सगळे गादीवाल्याकडे बघू लागले. अजूनही तो हसण्यावारी नेऊ शकला असता.

"आक्का म्हणते ते खरं आहे," तो म्हणाला. "चड्डी मागून फाटली होती."

आधी अंडेवालीला हसू फुटलं, मग कॉलेजच्या माणसालाही आवरेना. त्याने फाइलवर काहीतरी खरडलं आणि मुलीला म्हणाला, "सोमवारी या. जागा तुमची."

तो वळून गेला, तरी इस्त्रीवाला तिथेच उभा.

"म्हणजे हे स्थळ नव्हतं?"

"नव्हतं."

"आणि तुम्ही सातवी नापास?"

"हो रे बाबा. सोमवारसाठी तिचा पांढरा शर्ट देतो, कॉलर तेवढी नीट दाब."