आत्याची धून

माणूस संगीताशिवाय दारातून आत येऊ शकतो, हे आमच्या आतोबांना मुळी मान्यच नाही. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. नागावात त्यांची नारळी-पोफळीची वाडी आहे आणि ओटीवर कायमची पेटी मांडलेली आहे. सिनेमात खलनायक येण्याआधी त्याची ठरलेली धून वाजते आणि आपल्याकडे वर्गणीवाले मात्र खुशाल गुपचूप येतात, हा त्यांच्या मते घोर अन्याय. म्हणून निवृत्तीनंतर त्यांनी येणाऱ्या प्रत्येकाला एकेक धून बांधून दिली. माणूस फाटकात दिसला की यांचा हात भात्यावर. वर्गणीवाल्यांची धून इतकी भेसूर, की ती ऐकताच शेजारचे नाना मागल्या दाराने पसार होतात. माझी जरा रडकी आहे. तक्रार केली तर म्हणाले, "तू आलास की चहा पुन्हा टाकावा लागतो, त्याचं दुःख आहे त्यात."

कादंबरी वाचतानाही हाच खाक्या. एखादा माणूस पहिल्यांदा कंदील घेऊन आला असेल, तर पुढे तो दर वेळी कंदिलासकटच आला पाहिजे. लेखक विसरला, तर आतोबा वाचनालयाच्या पुस्तकात पेन्सिलीने त्याच्या हाती कंदील देतात. नारळ पाडायला येणारा गडीसुद्धा चढत्या सुरांवर झाडावर चढतो आणि उतरत्या सुरांवर खाली येतो. एकदा तो शेंड्याला असताना आतोबा फोन घ्यायला आत गेले आणि तिथेच गप्पांत रमले. बऱ्याच वेळाने वरून हाक आली, "आतोबा, पुढं वाजवा ना! मना उतराचा हाय!"

या सगळ्यात आत्याला मात्र धून नव्हती. एकदा जेवण वाढताना तिने विचारलंच, "मांजराला आहे, मग मला का नाही?"

आतोबा चकित झाले. "अगं, धून येणाऱ्याची असते. तू येतेस कधी? तू तर घरातच असतेस."

आत्या दोन दिवस बोलली नाही. माझ्या मते फारच थोडक्यात सोडलं तिने.

गेल्या वर्षी गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ती दोन महिने मुलीकडे मुलुंडला गेली आणि आतोबांना साक्षात्कार झाला की आता ती येणार! बाकीच्यांच्या धुना बंद पडल्या. नाना तीनदा वर्गणीत सापडले. आतोबा मला रोज फोनवर एक ओळ ऐकवायचे आणि आपणच म्हणायचे, "छे, ही तिची नव्हे."

मीच तिला बोटीने मांडव्याला आणलं, तिथून रिक्षाने घरी. फाटकाशी तिने पदर नीट केला, काठी माझ्या हातात दिली आणि एकटी चालू लागली. आतोबांनी भाता ओढला. एक सूर लागला, लांबत गेला आणि बोटं तिथेच थांबली. त्यांचे डोळे भरून आले होते.

"पुढचं सुचतच नाही गं," ते म्हणाले.

डॉक्टरांनी तिला जास्त चालायची मनाई केली होती. "असू दे. मी पुन्हा येते," आत्या म्हणाली, आणि वळून फाटकाबाहेर गेली.

तेव्हापासून ती रोज संध्याकाळी उगीचच बाहेर जाते आणि आत येते. वर्षभरात चार सूर झालेत. आतोबांना आता ब्याऐंशीवं लागलंय. ती धून कधीच पुरी होऊ नये, असं मला मनापासून वाटतं.