मांजरीला एक चमचा खोबरेल

आमच्या मांजरीचे केस इतके गळायला लागले होते की आईच्या गाऊनवर रोज एक दुसरी मांजर तयार व्हायची. कातडीही कोरडी पडलेली. फोनवर कुठेतरी वाचलं की मांजराला थोडं खोबरेल तेल चाटवलं की केसांना तकाकी येते आणि पोटात गेलेले केसही सुटतात. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही असं मी चारचौघांत सांगते आणि घरी येऊन गुपचूप करून बघते. तसंच केलं.

मांजरी खरं तर आईची. तीन वर्षांपूर्वी चारकोपच्या आमच्या तळमजल्यावरच्या घरात ती खिडकीतून आली, आणि "माका नको हां ही ब्याद" म्हणणाऱ्या आईच्याच मांडीवर जाऊन बसली. मी सकाळी आठला कामावर जाते ती संध्याकाळी सातला उगवते. मधले अकरा तास आई बोलते ती फक्त तिच्याशी. ती गेली तर आईचं काय होईल, हा विचार मी मनात येऊच देत नसे.

जानेवारीतला रविवार होता. मला सणसणीत सर्दी झालेली. स्वयंपाकघरातलं तेल थंडीनं थिजलं होतं, म्हणून मी खिडकीत उन्हात ठेवलेली दुसरी बाटली उचलली. आमचं तेल गावाहून काका पाठवतात, कोकम सरबताच्या रिकाम्या बाटल्यांत. सगळ्या बाटल्या सारख्याच, चिठ्ठी कशावरच नाही. फोनवरच्या लेखात अगदी थोडं द्या असं लिहिलं होतं, पण खाऊ घालायची वेळ आली की आमच्याकडे कुणाचाच हात आखडत नाही. चांगलं चमचाभर तेल बशीत ओतलं. बाईसाहेबांनी बशी लख्ख केली.

अर्ध्या तासानं तिनं बाहेरच्या खोलीत मान खाली घालून आचके द्यायला सुरुवात केली आणि भडाभडा ओकली. आई नुकतीच देवाची आरती करून उठत होती.

"काय दिलंस गो तिका?"

मी खिडकीतल्या बाटलीकडे बोट दाखवलं. आई तिथेच पाटावर परत बसली. "ती माझ्या ढोपरांची बाटली! तेच्यात कापूर आसा."

आमच्या घरात ही जुनी रीत आहे. एका बाटलीत भीमसेनी कापूर घालायचा, तो उन्हात विरघळू द्यायचा, आणि ते तेल थंडीत छातीला आणि गुडघ्यांना चोळायचं. कापूर मांजराला विष असतो, हेही त्याच फोनवर, त्याच लेखाखाली लिहिलं होतं. मी वाचून पुढे सरकवलं होतं, कारण मी कुठे कापूर देणार होते!

"हुंगून बघ आधी," मी ओरडले. माझं नाक बंद होतं. आईनं झाकण उघडून बाटली नाकाशी धरली आणि तिचा चेहरा उतरला. "वास येता गो. येता!"

मांजरीला भाजीच्या पिशवीत घातलं, बाटली पर्समध्ये कोंबली आणि रिक्षा पकडली. मग मी तोंड सोडलं. बाटल्यांवर नाव लिहायला काय होतं, औषध आणि खायचं तेल एकसारखं ठेवायचं म्हणजे काय, किती वेळा सांगायचं तुला. चूक माझी होती हे मला पक्कं कळत होतं, म्हणून आवाज आणखीच चढत होता. पिशवीत हात घालून आई पुटपुटत गाऱ्हाणं घालत होती, "बा देवा म्हाराजा, ह्या मुक्या जिवाक राख." रिक्षावाला आमच्याच गावाकडचा निघाला. रस्त्यावरची नजर न काढता त्यानं गाऱ्हाण्याला साथ दिली, "होय म्हाराजा." मला हसूही आलं नाही. मी खूप घाबरले होते.

प्राण्यांची डॉक्टर तरुण मुलगी होती. तिनं मांजरीचं तोंड उघडून हुंगलं. डोळे पाहिले, पोट चाचपलं. मग बाटली हुंगली. पुन्हा हुंगली. आणि मग तिनं आईचा हात हातात घेऊन तिची बोटं नाकाजवळ नेली.

"आजी, आत्ता कापूर लावलात का देवाला?"

"होय, आरती केलंय ना."

"मग तो वास तुमच्या बोटांना आहे. तेलात कापूर नाही. नुसतं खोबरेल आहे, आणि तुम्ही ते भरमसाट दिलंय. केसांचा गोळा आणि तेल, दोन्ही ओकून मोकळी झाली ती. दोन दिवस पोट बिघडेल, बस. तासभर इथे बसा, मी लक्ष ठेवते. आणि पुढच्या वेळी मला विचारून द्या."

बाकड्यावर बसून मी चक्क रडले, सर्दीचं आणि रडण्याचं एकत्रच पुसत. मांजरी पिशवीतून डोकं काढून आमच्याकडे असं बघत होती की जणू आम्हीच आजारी. आईनं तिला मांडीवर ओढून घेतलं. दोघींच्या अंगात जीव परत आलेला दिसत होता आणि तो बघून मला इतकं हलकं वाटलं की त्या डॉक्टरीणबाईच्या पाया पडावंसं वाटलं.

मग माझ्या डोक्यात आलं. "पण आई, त्या बाटलीत तू दरवर्षी कापूर घालतेस ना?"

आईनं बोटांवर महिने मोजले. "दरवर्षी घालतंय. म्हणान तर घाबारलंय. औंदा घातलंयच खंय? भीमसेनी संपलो म्हणान दिवाळीत तुका सांगलंय. तीनदा सांगलंय. तू आणलंसच नाय."

खरं होतं. तिन्ही वेळा मी "उद्या आणते" म्हणाले होते.

"मग थंडीभर गुडघ्यांना काय चोळत होतीस?"

"नुसता तेल."

"त्यानं थांबतं दुखायचं?"

"नाय," आई म्हणाली, आणि मांजरीच्या कानामागे खाजवत राहिली.