कांताबाईनं सिनेमा थांबवू दिला नाही

आज दुपारपासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून इथं लिहिते.

कुरखेड्यात मी बायकांना शिवण शिकवते. आज क्लास झाल्यावर लॅपटॉपवर एक जुना व्हिएतनामी सिनेमा लावला. नवरा युद्धावर गेलेला आणि बाई एकटीच शेतीचा गाडा ओढते. भाषा कुणालाच कळत नव्हती. पण ती पाणी भरलेल्या खाचरात धान रोवायला वाकली तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "हे तं आपलीच बांधी दिसते!" सगळ्या हसल्या.

मग तिच्या नवऱ्याचं प्रेत गावात आणलं. ती ओल्या फडक्यानं त्याचं तोंड पुसू लागली आणि मला एकदम आठवलं, पुढ्यातच कांताबाई बसली आहे. तिचा नवरा पोलिसात होता, नक्षलवाद्यांच्या सुरुंगाच्या स्फोटात गेला. मी घाईनं सिनेमा थांबवला.

"शबानाबाई, बंद काऊन केला?"

"तुले त्रास होईल म्हणून."

"लाव. मले पाहू दे."

मी लावला. तो प्रसंग संपेपर्यंत ती हलली नाही. मग म्हणाली, "आमच्या घरी मयताची पेटी बंदच आली. उघडा म्हनलं, तं साऱ्याईनं मलेच धरून ठेवलं. तुले पाहावनार नाई म्हने. हिले तरी तोंड पुसाले भेटलं."

अर्धवट शिवलेला ब्लाऊज पिशवीत टाकून ती घरी गेली.

तिला धरणाऱ्यांत तिचे सख्खे भाऊ होते. तिच्या भल्यासाठीच धरलं त्यांनी. तुम्ही तिथं असता, तर काय केलं असतं?