दुधनीला न्यायचा ओटा

वैशालीबाईंचा राग सिल्वासाच्या त्यांच्या शाळेत सगळ्यांना ठाऊक आहे. वर्गात कुणी दंगा केला तर त्या ओरडत नाहीत, नुसत्या बोलायच्या थांबतात, आणि शेवटच्या बाकापर्यंत चिडीचूप होतं. घरी मात्र हा राग लग्न झाल्यापासून पोळपाटावरच निघत आलाय. त्या शनिवारी संध्याकाळीही लाटणं असं काही आपटत होतं, की बाहेर बसलेला कुठलाही शहाणा नवरा उठून आत डोकावला असता. विलासराव उठले नाहीत. ते लॅपटॉपवर बायकोसाठी स्वयंपाकघर निवडत होते.

स्वयंपाकघर म्हणजे घडीचं, सहलीला न्यायचं. ॲल्युमिनियमचे पाय, वर चिरायला-लाटायला फळी, बाजूला शेगडीची जागा, खाली डबे ठेवायला कप्पे, आणि मिटलं की गाडीच्या डिकीत मावणारं. विलासराव खडोलीच्या एका कारखान्यात प्रॉडक्शन मॅनेजर. शेजारी त्यांच्या हाताखालचा अनिकेत, पुण्याचा इंजिनिअर. कारखान्यात नवं मशीन मागवायचं असावं तसे दोघं त्या पडद्यात घुसले होते.

"सर, याला साइडला रॅक पण आहे. आणि वारा अडवायला पत्रा."

"लोड किती घेतं बघ. कुकर ठेवायचाय."

"वहिनी एकदम खूश होतील, सर."

वहिनी आत पाटावर उभ्या होत्या. बसायचा लाकडी पाट, पण त्या त्यावर उभ्या राहतात, कारण त्यांची उंची जेमतेम चार फूट दहा इंच आणि फ्लॅटचा ओटा चांगला उंच. फ्लॅट घेताना त्या म्हणाल्या होत्या, "ओटा थोडा खाली घ्यायला सांगा ना." विलासराव म्हणाले, "स्टँडर्ड राहू दे. उद्या विकायचा झाला तर गिऱ्हाईक नको का?" त्या कधीच न आलेल्या गिऱ्हाइकासाठी बाई रोज पाटावर चढतात आणि उतरतात. एकदा पाट सरकला आणि उकळत्या आमटीत जाता जाता हात वाचला. विलासरावांनी पाटाला खालून रबर लावून दिलं, आणि विषय मिटला असं त्यांचं मत झालं.

आणि आता याच माणसाला बायकोच्या सोयीचा कळवळा आला होता. तोही घराबाहेरच्या!

थंडी पडली की कारखान्यातली तीन-चार मराठी कुटुंबं अधूनमधून रविवारी दुधनीला जातात. धरणाचं पाणी लांबवर पसरलेलं, पलीकडे डोंगर, आणि काठाला गाद्या-छत असलेल्या होड्या. बाकीची मंडळी डबे आणतात, नाहीतर तिथल्याच हॉटेलात जेवतात. पण विलासराव मूळचे अमळनेरचे. "बाहेरचं खाल्लेलं मला सोसत नाही," हे ते अशा थाटात सांगतात, की जणू मोठं कर्तृत्वच. म्हणून वैशालीबाई काठावर शेगडी मांडून उकिडव्या बसतात. शेवभाजी, मसालेभात, ताज्या पोळ्या. विलासराव, लेक ईशा, सगळे होडीतून फिरून येतात, जेवतात, चटईवर आडवे होतात. बाईंची भांडी घासून होईपर्यंत होड्या काठाला बांधलेल्या असतात. इतक्या वर्षांत त्या एकदाही होडीत बसलेल्या नाहीत.

एकदा निघाल्या होत्या. चपला हातात घेऊन धक्क्यापर्यंत पोचल्याही. मागून हाक आली, "अगं, आधी भात टाकून जा ना!" आणि त्या परतल्या. हाक मारणाऱ्याचा त्यांना राग आलाच, पण आपण परतलो याचा अजून येतो.

पोळी तव्यावरच टाकून त्या लाटण्यासकट बाहेर आल्या.

"हे कुणासाठी चाललंय?"

"तुझ्यासाठीच की! खाली बसून गुडघे दुखतात म्हणत होतीस ना?"

त्या म्हणाल्या होत्या, "गुडघे दुखतात, मला होडीत बसायचंय." यांना त्यातले फक्त गुडघे ऐकू आले होते. बाईंची कानशिलं तापली. "मग मी निवडणार," त्या म्हणाल्या. "हात लावून, उभी राहून. फोटोवरून नाही."

आत पोळी करपली. विलासरावांनी ती तक्रार न करता खाल्ली, हे सांगितलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी अनिकेतसह तिघं वापीच्या दुकानात गेले. दुकानदार गुजराती, मोठा बोलका. त्यानं एकामागून एक चार-पाच ओटे उघडून मांडले, आणि बाईंकडे एकवार नजर टाकून एकाचे पाय खटाखट आत सरकवले. "भाभी, आओ. ये आपके हाइट का."

वैशालीबाई उभ्या राहिल्या. पायाखाली पाट नव्हता. फळी बरोबर कोपराखाली आली, खांदे खाली आले, मनगट सैल पडलं. त्यांनी हवेतच एक पोळी लाटली. आयुष्यात पहिल्यांदा एखादा ओटा त्यांच्या मापाचा होता. माहेरचा नव्हता, सासरचा नव्हता, आपल्या पैशांनी घेतलेल्या फ्लॅटचाही नव्हता. डोळ्यांत पाणी यायला लागलं आणि त्याचाच त्यांना भयंकर संताप आला. दुकानदारानं जे चुटकीसरशी केलं, ते घरात का होऊ शकलं नाही?

"बघ! बोललो नव्हतो?" विलासराव मागून खुशीत म्हणाले. "आता दर रविवारी काढू सहल. तुला काही त्रासच नाही."

बाईंनी फळीवरचे हात काढून घेतले.

"तो पलीकडचा दाखवा," त्या दुकानदाराला म्हणाल्या.

पलीकडचा उंच होता, पाय न सरकणारा, भक्कम. फळी थेट बाईंच्या छातीशी येत होती. "अहो, इकडे या. उभे राहा बघू. कोपर वाकवा." विलासराव, सहा फुटी माणूस, भाबडेपणानं उभे राहिले. फळी बरोबर त्यांच्या कोपराखाली आली.

"हा द्या," बाई म्हणाल्या.

"अगं पण तुझा हात नाही पोचायचा."

"नाहीच पोचायचा."

अनिकेतनं सरांकडे पाहिलं, मग वहिनींकडे, आणि तो दुकानाबाहेर गाडी काढायला गेला. विलासराव मात्र बिल होईपर्यंत फळी ठोकून बघत होते. घरी जाताना गाडीत बाई खिडकीबाहेर बघत बसल्या. तो ठेंगणा ओटा दुकानात तसाच उघडा राहिला होता, आणि त्याची आठवण त्यांना बोचत होती.

पुढच्या रविवारी दुधनीला त्यांनी ओटा स्वतः उघडला. कप्प्यांत तांदूळ, मसाला, शेव, सगळं लावून ठेवलं. मग ॲप्रन काढून नवऱ्याच्या गळ्यात अडकवला.

"हे काय?"

"बाहेरचं तुम्हाला सोसत नाही ना? मग करा."

"मला येतं का ते! वैशाली, लोक बघताहेत!"

"बघू देत. मलाही कुणी शिकवलं नव्हतं. उकिडवं बसलेलं मला इतकी वर्षं बघितलंच ना त्यांनी?"

चपला हातात घेऊन त्या धक्क्याकडे चालू लागल्या. ईशा धावत येऊन त्यांच्याबरोबर चढली. "बेन, साचवीने बेसजो," नावाड्यानं सांभाळून बसायला सांगितलं. होडी डुचमळली, बाईंनी कड घट्ट धरली. गादी त्यांना वाटलं होतं तितकी मऊ नव्हती.

काठ थोडा दूर झाला तोच हाक आली. विलासराव ओट्यामागे ताठ उभे होते, हातात डाव. "अगं, मीठ कुठंय?"

ईशानं आईकडे पाहिलं. मीठ समोरच्याच कप्प्यात होतं, विलासरावांच्या कोपरापासून वीतभर अंतरावर. वैशालीबाईंच्या तोंडात उत्तर आलं होतं, सवयीनं. ते त्यांनी गिळलं.

"भाऊ," त्या नावाड्याला म्हणाल्या, "जरा लांबून न्या."