दानेश्वरीनं तीन भाषांत विचारलं

दानेश्वरी माझी बायको, आणि माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. आमच्यात मामाला भाची देतात. ती मला अजून मामाच म्हणते. हसायचं असेल तर हसून घ्या. मी टॉवेलचं दुकान चालवतो. ती पुण्याच्या कंपनीचं काम सोलापुरात घरी बसून करते.

आमच्या लेकीला, सृष्टीला थॅलेसेमिया. सारखं रक्त चढवावं लागतं. कुणाचा बोन मॅरो जुळला तरच पोर त्यातून सुटेल. डॉक्टर म्हणाले, नात्यात लग्न, म्हणून दुखणं आलं असेल. पण त्याचमुळं नात्यातलंच कुणी जुळायची आशाही जास्त. अहो, थोबाडीत मारायची आणि वर गाल कुरवाळायचा!

सापडतील तेवढ्यांची तपासणी झाली. कुणाचंच जुळलं नाही. त्यातच कंपनीनं तिच्यावर एक काम टाकलं. क्लाउडवरचा ग्राफ डेटाबेस: त्यात माणूस म्हणजे ठिपका, नातं म्हणजे रेघ. त्याला प्रश्न विचारायच्या भाषा तीन, आणि गिऱ्हाइकासाठी कुठली घ्यायची ते हिनं ठरवायचं. चाचणीला माहिती हवी म्हणून हिनं आमचंच गणगोत घातलं, अक्कलकोटपासून पार कलबुर्गीपर्यंत. प्रश्न एकच: सृष्टीच्या रक्ताचं, पण तपासणी राहिलेलं कोण?

पहिल्या भाषेत, सायफरमध्ये, रेघांचं चित्र काढून विचारायचं. उत्तर आलं, कुणी नाही. ग्रेमलिनला एकेक पाऊल सांगत चालवायचं. ते आमच्या घरात शिरलं आणि गरागरा फिरतच बसलं. मामाकडून निघालं की नवऱ्यापाशी, आणि नवरा म्हणजे परत मामाच. गेल्या वाटेनं जाऊ नको असं बजावल्यावर थांबलं. कुणी नाही. तिसरी स्पार्कल. तिचंही तेच.

"अगं, माणसं तीच, तर भाषा बदलून उत्तर कसं बदलंल?" मी ओरडलो. "डोकं फिरलंय का तुझं?"

"एखादं सुटलं असंल की, मामा."

कंपनीला तिनं सायफर सुचवून टाकलं. त्यांचं काम संपलं, हिचं संपेना. खाण्यापिण्याची शुद्ध नाही, वेणीफणी नाही. एक दिवस आईला फोन लावून विचारते, "आजोबांचं बाहेर कुटं काही होतं का गं? असलं तरी चालंल, सांग." सख्ख्या आईला असं विचारायचं, तेही माझ्या वडलांबद्दल! बहीण फोनवरच रडायला लागली. मीही रडलो, खोटं कशाला बोलू.

काल दुपारी जेवायला घरी आलो, तर ही पडद्याकडं बघत बसलेली. डोळे सुजलेले.

"आता काय केलंस?"

"आपल्या लग्नाची रेघ पुसत होते."

मला राग यायला हवा होता. आला नाही. मनातल्या मनात ती रेघ मीही कितीदा पुसली होती.

"मग?"

"ती पुसायची तर तिच्याखालची सृष्टीबी पुसावी लागती, मामा. तेवढं न्हाय झालं माझ्याच्यानं."