मागाजवळचा हेडफोन

तुमसरच्या त्या दुकानाची पायरी मी हेडफोनचा डबा घेऊन चढली, की दुकानदार आधी डब्याकडं पाहे अन् मग देवाच्या फोटोकडं. "काकू, आता काय झालं? हा तर सगळ्यात नरम होता."

"नरम तुह्या हातात असंन बाप्पा," मी म्हणे. "ज्याच्या कानावर बसते त्याले विचार."

पण ज्याच्या कानावर बसे, त्याले विचारायची सोय नव्हती. आमच्या घरच्यायले, माह्या नवऱ्याले, लकवा मारला. उजवी बाजू गेली, तिच्यासंगं बोलणं गेलं, अन् नुसता एक आवाज राहिला, 'आं'. भूक लागली तरी आं, पाणी पाहिजे तरी आं. हेडफोन कुठं टोचते, कुठं दाबते, हे मले त्यायच्या कपाळावरच्या आठ्या पाहून ओळखा लागे. कधी बरोबर ओळखी, कधी नाही.

आमचं घर मोहाडीकडचं, कोशाचं रेशीम विणणाऱ्याचं. पुढच्या खोलीत माग, अन् आता त्याच्या बाजूलेच यायची खाट. लग्न होऊन आली तेव्हापासून हे मागावर बसत अन् मी आतल्या खोलीत कांड्या भरी. आडवा धागा घेऊन इकडून तिकडं पळते तो धोटा, अन् कांडी म्हणजे त्या धोट्यात बसवायची सुताची नळी. आमच्यात एक रीत आहे, ती कोणी शिकवत नाही, घरात राहून राहून लागते. माग चालू आहे तोवर कोणी कोणाले हाक मारत नाही. माग थांबला, की आतल्या माणसानं विचारायचं, "तुटला का?" मागावरचा म्हणते, "तुटला," म्हणजे धागा तुटला. नाहीतर म्हणते, "कांडी," म्हणजे दुसरी आण. बस, इतकंच. दोघांचं तोंड फुगलेलं असलं तरी हे विचारणं चुकत नव्हतं. कित्येक भांडणं आमची या एका विचारण्यावरच मिटली.

हे खाटेवर पडले तेव्हा व्यापाऱ्याचं लग्नसराईचं काम मागावर अर्धं चढलेलं होतं. मग मीच बसली. पाहून पाहून येतच होतं, पण पाहणं वेगळं अन् हात वेगळा. कोशाचा धागा नव्या हाताले दाद देत नाही. दिवसभर तुटे. मी वाकून टोक शोधून राहिली असे, तोंडानं त्या धाग्याच्या सात पिढ्या उद्धारत असे, अन् खाटेवरून यायचं सुरू होई, "आं... आं... आं!" थांबायचं नाव नाही. मी म्हणे, "अवो, झालं तरी काय? पाणी देऊ का?" पाणी दिलं तर तोंड फिरवत. उशी सरकवली तर आणखी मोठ्यानं. ओरडून ओरडून मानेच्या शिरा फुगत, डोळ्यातून पाणी गळे. समोरची बाई एकदा दारात येऊन म्हणाली, "मारून तं नाही राहिली न वं त्यायले?" मी तिले जे बोलली ते इथं लिहिता येत नाही.

डॉक्टर म्हणाले, मागाची खटखट डोक्याले सहन होत नसेल. शांत ठेवा. गाणी आवडतात का? मग गाणी लावा.

गाणी! या माणसाचं सारं आयुष्य गाण्यात गेलं. मागाच्या खुंटीले रेडिओ टांगलेला, सकाळपासून जुनी गाणी सुरू, अन् पायाची हालचालही त्याच तालावर. मी रेडिओ लावून पाहिला. मागापुढं तो ऐकू येईना, मोठा केला तर हे आणखी ओरडत. कानात खुपसायच्या त्या बारक्या गोळ्या आणल्या, तर त्या मान हलली की गळून अंथरुणात जात.

पोरगी नागपूरले असते. ती फोनवर म्हणाली, "आई, पूर्ण कान झाकणारा हेडफोन घे. बाहेरचं काही ऐकू येत नाही." अन् मग आवाज खाली करून म्हणाली, "दिवाळीपर्यंत पाहू. नाहीच जमलं, तर बाबाले मी इकडं आणते. तू पण चल. माग देऊन टाक."

देऊन टाक! माग म्हणजे काय फुटकं घमेलं आहे, भंगारवाल्याले देऊन टाकायले? तिचं घर चौथ्या मजल्यावर, तिथं माग राहत नाही. म्हणजे एक तर माग जाईन, नाहीतर मी इथं मागाजवळ अन् हे तिथं. या वयात मी एकटी त्या खोलीत बसून कोणासाठी विणू? मले दोन्ही पाहिजे होते. म्हणून त्या हेडफोनवर माहा सारा जीव टांगला होता. लोकायले वाटे म्हातारीले गाण्याची हौस आली. ज्याचं जळते त्याले कळते.

पहिला आणला तो कानावर नुसता टेकणारा, बारीक गाद्यांचा. चष्म्याची दांडी अन् गादी यांच्यामधी कान असा चेपे की पाळी लालभडक होई. परत केला. मग मोठा आणला, तर त्याची पट्टी इतकी कडक की डोक्याले शिकंजा लावल्यासारखी. मी ती पट्टी रात्रभर पितळी डब्यावर ताणून ठेवली, थोडी सैल झाली, तर हेडफोन इतका जड की पडल्या पडल्या मागं घसरे. अन् गाद्या रेग्झिनच्या. आमच्याकडची ऑक्टोबरची गरमी, कानामागून घामाच्या धारा. हे माणूस आधीच घामानं हैराण. तोही परत केला.

शेवटी दुकानदारानं आतून एक काढला. म्हणाला, "काकू, हा क्लोज बॅक आहे. याची पाठ बंद असते. आतलं बाहेर जात नाही अन् बाहेरचं आत येत नाही. वजनाले हलका, पूर्ण कान आत बसते." मी म्हटलं, असं सारेच म्हणतात. तर तो म्हणे, "मागं राईस मिल आहे न, तिच्या दारात उभ्या राहून पाहा." मी खरंच गेली. मिलचा पट्टा धडधड फिरून राहिला, कोंडा उडून राहिला, हमाल माह्याकडं पाहून हसून राहिले, अन् मी पदर कमरेले खोचून डोक्यावर ते लावून उभी. बाई गं! मिल कोणी उचलून नेल्यासारखी गायब झाली. कानात नुसतं गाणं. गाद्या कापसासारख्या, कान कुठंच टेकत नाही. मले तिथंच रडू आलं. वाटलं, सापडलं.

घरी आणून आधी मी स्वतः लावून मागावर बसली, म्हटलं मागाची खटखट किती येते ते पाहू. काही म्हणजे काही आलं नाही. हात चालून राहिले, पाय चालून राहिले, माग मुका. मजाच वाटली. मग हेडफोन काढून कापड पाहते तर एका बाजूनं धागे तुटून तुटून हातभर फट पडलेली. विणकराले तुटलेला धागा आधी कानाले कळते, मग डोळ्याले. मागाचा सूर बदलते न. कपाळावर हात मारून मी तेवढं उसवत बसली. आमचा माग म्हणजे मले गोंगाट कधी वाटलाच नव्हता, तरी त्या दिवशी डोक्यात काही शिरलं नाही.

यायले लावला. मी बाजूले बसून पाय दाबून राहिली होती. गाणं सुरू झालं अन् डाव्या हाताची बोटं चादरीवर हलली. कपाळावर एक आठी नाही. कितीतरी महिन्यांनी त्या खोलीत शांतता होती. मी म्हटलं, देवा, पावला. हळूच उठली, मागावर जाऊन बसली, पाय मारला.

थोडा वेळ गेला अन् "आं!" नुसतं आं नाही, घाबरल्यासारखं. डोळे मोठे करून माह्याकडं पाहून राहिले, डावा हात डोक्याकडं नेऊन ते ओरबाडून राहिले. मी धावली. कानामागं पाहिलं, लाल नाही. गादी पाहिली, ठीक. बाजूले बसली तर शांत. उठली की पुन्हा तेच.

मी विचार केला, थोडा वेळ बरं वाटत असंन अन् मग टोचत असंन. नवी चप्पल दुकानात कुठं चावते? गरम होत असंन म्हणून कोशाच्या उरलेल्या कापडाच्या खोळी शिवल्या अन् गाद्यांवर चढवल्या. मऊ अन् थंड. लोक लग्नात नेसतात ते कापड मी यायच्या कानाले गुंडाळलं. तरी तेच. पट्टीखाली कापूस भरला. चष्मा काढून पाहिला. उशी बदलली. तरी तेच, तेच, तेच. एक दिवस मी तो हेडफोन जमिनीवर आपटला अन् ओरडली, "काय पाहिजे तुम्हाले? सांगा न! मरू का मी?" हे माह्याकडं पाहत राहिले, ओठ हलले, अन् पुन्हा तेच, आं. मी त्यायच्या पायाजवळ बसून भोकाड पसरलं. हात टेकले होते मी. खरंच टेकले होते.

मग एक दिवस हे पडले. मी मागावर होती, यायच्या कानावर हेडफोन होता. धपकन आवाज आला, पाहते तर खाटेखाली. एका हातानं जमीन ओढत मागाकडं सरकून राहिले होते. हाड मोडलं नाही हे नशीब. पण फोनवर पोरीनं ऐकलं अन् ती म्हणाली, "आई, बस झालं आता." मी फोन ठेवून दिला.

ती दिवाळीच्या आधीच गाडी घेऊन आली. तिनं यायचे कपडे बॅगेत भरले अन् बॅग दारात ठेवली. म्हणाली, "चहा घेऊन निघू." साडीचा हातभर पदर तेवढा मागावर राहिला होता. मी म्हटलं, "तेवढा काढू दे मले. मग तुह्या मनासारखं होऊ दे." तिनं यायले नवा सदरा घातला, हेडफोन लावून गाणं सुरू केलं. सदरा घालताना एका बाजूची गादी मागं सरकली अन् डावा कान उघडाच राहिला. मी पाहिलं. पण आता नीट करून काय उपयोग होता? राहू दे म्हटलं.

मी विणायले बसली. डोळ्यापुढं नीट दिसून राहिलं नव्हतं. पोरगी आत चहा ठेवून राहिली होती. खाटेवर गप्प. मले वाटलं, आज काहून गप्प आहेत, मी तर मागावर आहे. तेवढ्यात धागा तुटला. माग थांबला.

"आं?"

मी इतकी थकली होती की पाहिलंही नाही. पाणी देऊ का, काय झालं, काही नाही. तोंडातून आपसूक निघालं, "तुटला."

अन् हे गप्प झाले.

मी मान वर केली. हे माह्याकडं पाहून राहिले नव्हते. मागाकडं पाहून राहिले होते, धागा तुटला तिथं, अन् वाट पाहून राहिले होते. मी टोक शोधलं, गाठ मारली, माग सुरू केला. यायनं डोळे मिटले. चादरीवर बोटं हलायले लागली, गाण्याच्या तालावर, अन् मागाच्याही.

पोरगी चहाची कपबशी घेऊन दारात उभी. "आई, बाबा एकाएकी गप्प कसे झाले गं?"

मी मुद्दाम पाय काढला. माग थांबला.

"आं?"

"कांडी," मी म्हटलं.

गप्प. शांत. कपाळावर आठी नाही.

इतके महिने हे मले विचारून राहिले होते. मी जन्मभर ज्यायले विचारलं, तेच मले विचारून राहिले होते, तुटला का, तुटला का. उत्तर नाही मिळालं की मोठ्यानं विचारत, रडून विचारत. अन् मी पाणी पाजून राहिली होती. त्यायचे कान झाकायले तुमसरची दुकानं पालथी घालून राहिली होती. जो हेडफोन सगळ्यात चांगला, तो लावला की यायच्यासाठी माग बंदच पडे, अन् हे घाबरत, की घरात एवढं काय झालं. म्हणून खाटेवरून उतरले होते ते.

पोरीले मी हे कसंबसं सांगितलं. दारातली बॅग उचलून तिनं आतल्या खोलीत नेऊन ठेवली.

मी धोटा हातात धरून बसली अन् रडायले लागली. कितीतरी वेळ मले माग सुरूच करता आला नाही.

"आं?" खाटेवरून विचारणं आलं.

"काही नाही वो," मी म्हटलं. "धागा दिसून नाही राहिला."