सहीआधी चहा

आमच्या घरात सासऱ्यांपासून चालत आलेला एक नियम आहे. कुणी सही मागायला आलं की आधी चहा द्यायचा आणि मग कागद बघायचा. पण चहा उकळेपर्यंत पावण्यांच्या घरची सगळी अडचण ऐकून झालेली असते, त्यामुळे कागद बघायचं राहूनच जातं. निम्म्या गल्लीला सासरे जामीन राहिले, उरलेल्या निम्म्या गल्लीला माझा नवरा. कुणाची रिक्षा, कुणाच्या म्हशी, कुणाची पिठाची गिरणी. एकदा तर बँजो पार्टीच्या स्पीकरसाठीसुद्धा ह्यांनी सही केली होती, आणि तोच स्पीकर पुढे तीन वर्षं आमच्याच खिडकीखाली वाजला.

ह्यांचं उद्यमनगरात लेथ मशीनचं छोटं वर्कशॉप आहे. मशीनवर कातलेल्या जॉबचं माप घेताना ह्यांना केसभर फरक चालत नाही. जामिनाच्या कागदावरचा आकडा मात्र वाचत नाहीत. मी शाळेत गणित शिकवते, त्यामुळे हे बघून माझं डोकं फिरतं. पण एवढी वर्षं मी बोलत आले आणि हे "व्हय, व्हय" करत आले.

गेल्या वर्षी मी हट्टच धरला की ह्यांचा मोठा मुदतीचा विमा काढायचा. हे पन्नाशीला आले होते, मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती, आणि माझा पगार विनाअनुदानित शाळेचा. खरं कारण मात्र वेगळं होतं. मी कॉलेजात असताना माझे वडील गेले. विमा नव्हता. तोवर एकटी बाजारालाही न गेलेली माझी आई लोकांच्या घरी पोळ्या लाटायला जायला लागली. संध्याकाळी ती घरी येऊन हात पाण्यात बुडवून बसायची. ते मला दुसऱ्यांदा बघायचं नव्हतं, माझ्या बाबतीत तर नाहीच नाही.

माझा मावसभाऊ विम्याचं काम करतो. त्याने फॉर्म भरला, ह्यांच्या रक्ताच्या तपासण्या झाल्या. रिपोर्ट इतका चांगला आला की ह्यांनी वर्कशॉपमध्ये पेढे वाटले आणि स्वतः चार खाल्ले. मग पंधरा दिवसांनी मावसभाऊ आला तो तोंड पाडूनच.

"ताई, कंपनीनं हप्ता दीडपट सांगितलाय. आणि रक्कम मागितल्याच्या निम्मी."

"का? तब्येत तर ठणठणीत आहे."

"तब्येतीचं काय न्हाय गं. दाजींचा क्रेडिट स्कोअर लई खाली हाय. ही कंपनी त्योबी बघत्या. ज्याचे कर्जाचे हप्ते थकल्यात, त्यो विम्याचाबी हप्ता थकवंल, असं त्यांचं गणित."

हे खुर्चीतून उठलेच. "मी कुणाचा रुपाया बुडवलाय? आं? त्या कंपनीच्या साहेबाला म्हणावं, एक डाव उद्यमनगरात ये, कुणालाबी इचार!"

मावसभावाने मोबाईलवर क्रेडिटचा रिपोर्ट उघडला. ह्यांचं स्वतःचं एकही कर्ज नव्हतं. होतं ते आमच्या फ्लेक्सवाल्या भावजींचं. हे भावजी म्हणजे ह्यांचे शाळेपासूनचे दोस्त. त्यांनी कर्ज काढून मोठं फ्लेक्स छपाईचं मशीन घेतलं आणि गावातल्या सगळ्या भावी नगरसेवकांचे वाढदिवस उधारीवर छापून दिले. निवडणुका लांबत गेल्या, नगरसेवक भावीच राहिले आणि बिलंही तशीच राहिली. शेवटी बँकेने मशीन उचललं, दुकान गेलं आणि कोर्टात भावजींचं दिवाळं जाहीर झालं. हे सगळं मला माहीत होतं. जामीनदार कोण, हे माहीत नव्हतं.

"वर्षभर हप्ते थकलेले दिसत्यात," मावसभाऊ म्हणाला. "पण आता दर महिन्याला कोणतरी भरतंय."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. बँकेच्या नोटिसा वर्कशॉपच्या ड्रॉवरमध्ये पान्यांच्या खाली सापडल्या. आणि भरणारं ते 'कोणतरी' आमच्याच घरात जेवत होतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दोन दिवस मी बोलले नाही, आणि गणिताच्या बाईने बोलणं बंद केलं की घर कसं होतं हे आमच्या मुलीला विचारा.

तिसऱ्या दिवशी हे मोठ्या ऐटीत घरी आले. हातात आमच्या गल्लीच्या तरुण मंडळाचं लेटरहेड. त्यावर मजकूर होता, 'सदर गृहस्थ आमच्या चांगल्या परिचयाचे असून व्यवहाराला चोख आहेत, तरी कंपनीने त्यांचा हप्ता वाढवू नये.' खाली अकरा सह्या आणि मंडळाचा गोल शिक्का. मी वाचलं, मावसभावाला बोलावून वाचायला दिलं. त्याने पहिली सही बघितली आणि चहाचा घोट त्याच्या नाकात गेला.

पहिली सही फ्लेक्सवाल्या भावजींची होती.

"अहो, ज्याच्यामुळे हप्ता वाढला, त्याचीच सही आणलीत?"

"अगं, त्यो मंडळाचा खजिनदार हाय की. त्याची सही पयली लागतीच."

"अजून? दिवाळं निघालेल्या माणसाला तुम्ही खजिनदार ठेवलंय?"

"का न्हाय? मंडळाचा हिशेब कधी एका रुपायानं चुकला न्हाय त्याचा." हे खरोखरच चकित झाले होते. गल्लीत एकालाही त्यांना काढावंसं वाटलं नव्हतं. मी मनातल्या मनात चिडायचा प्रयत्न केला, पण हसू फुटलं, आणि एकदा हसल्यावर अबोला काही टिकला नाही.

ते पत्र मावसभावाने पाठवलं नाही. "ताई, हे बघून हप्ता अजून वाढंल," म्हणाला. हे थोडे नाराज झाले, कारण शिक्का फार स्वच्छ उमटला होता.

मी दोन रात्री हिशेब केला. दीडपट हप्ता, निम्मी रक्कम. त्या रकमेत मुलीचं शिक्षण पुरं होत होतं आणि मला कुणाच्या दारात जावं लागत नव्हतं. मी ठरवलं, जे मिळतंय ते घ्यायचं. माझी नवी साडी आणि ह्यांचा रविवारचा मटणाचा डबा, दोन्ही महिन्याआड.

कागद पुरे करायला मावसभाऊ आला, तेव्हा नेमके भावजी ओट्यावर ह्यांच्याशी बोलत बसले होते. हल्ली ते जयसिंगपूरला दुसऱ्याच्या दुकानात पगारावर जातात. मला बघून ते उठून उभे राहिले. पूर्वी असे उठायचे नाहीत.

"दाजी मराठीत सही करत्यात न्हवं," मावसभाऊ म्हणाला, "मग कंपनीच्या नियमानं एक साक्षीदार लागंल. ह्यांना मजकूर समजावून सांगितला, अशी सही. घरचं माणूस चालत न्हाय."

ओट्यावर घराबाहेरचं माणूस एकच होतं.

"मी शेजारनं कुणाला तरी बोलवून आणतो," भावजी चपला शोधायला लागले. "वहिनी, माझी सही नगं. माझ्या सहीला आता कुठं किंमत न्हाय."

हे माझ्याकडे बघायला लागले. मला त्या माणसाचा राग होता, आजही थोडा आहे. माझी निम्मी रक्कम त्या फ्लेक्समध्ये गेली होती. पण त्या वाक्याने मला आईचे पाण्यात बुडवलेले हात आठवले. ती पण अशीच खाली बघून बोलायची.

मी मावसभावाला विचारलं, "साक्षीदाराचा स्कोअर बघतात का रे?"

"न्हाय ताई. माणूस सज्ञान असला की झालं."

"मग बसा भावजी," मी म्हटलं. "आमच्याकडं सहीआधी चहा असतो."

चहा झाला. भावजींनी चष्मा लावून आख्खा मजकूर ह्यांना वाचून दाखवला, एक ओळ न सोडता. माझ्या नवऱ्याने जन्मात पहिल्यांदा एखादा कागद पुरा ऐकला. मग भावजींनी हात लुंगीला पुसले आणि पूर्ण नाव, गाव, तारीख घालून सावकाश सही केली.

एकच सही लागत होती. त्यांनी पान उलटलं आणि पुढच्या पानावरही केली, मग त्याच्या पुढच्या पानावर. मावसभाऊ थांबवायला निघाला होता. मी त्याला खुणेने गप्प बसवलं.